ताटातला ससा

एका जंगलात, मुलांनो, सगळे एकमेकांना खात असत आणि वाढदिवस मात्र एकत्र साजरे करत. यात तुम्हाला काही विचित्र वाटत असेल, तर तुम्ही अजून लहान आहात.

त्या जंगलाच्या राजाला, म्हणजे सिंहाला, फार उशिरा मुलगा झाला. छावा वर्षाचा व्हायला आला, तोंडात दात लुकलुकू लागले, पण खाण्याच्या नावाने बोंब. हरणाचा घास भरवला की थू. रेड्याचा भरवला की भोकाड. सिंहीण अगदी मेटाकुटीला आली. शेवटी तिने गोजरा सशिणीला बोलावणं पाठवलं, कारण गोजराच्या हाताची चव सगळ्या रानाला माहीत होती.

"गोजराबाई, वाढदिवसाला काहीतरी गमतीचं करा बाई," सिंहीण म्हणाली. "बघूनच खावंसं वाटलं पाहिजे. लेकरू पोटभर जेवलं पाहिजे."

"हो, राणीसाहेब," गोजरा म्हणाली. सिंहिणीला दुसरं काय म्हणतात?

आता एक गंमत ऐका. त्या जंगलात सिंहाने ससा कधीच खाल्ला नव्हता. दया वगैरे नव्हे हं. एवढ्याशा जिवासाठी उठायचा कंटाळा! त्यामुळे ससे थेट गुहेच्या दारात चरायचे. सिंहाच्या धाकाने कोल्हे तिकडे फिरकत नसत, आणि सिंहाचं सशांकडे लक्षच नसे. याहून सुखाची जागा जगात नाही, असं गोजराला वाटे. तिची पिल्लं दिवसभर त्याच दारात हुंदडत. ससा हाही खायचा पदार्थ असतो, हे छाव्याला कोणी सांगितलेलं नव्हतं. कोणी सांगू नये, एवढीच तिची देवाजवळ मागणी होती.

वाढदिवसाच्या सकाळी ती कामाला लागली. घरात होतं तेच घेतलं. उकडलेला बटाटा कुस्करून त्याचं साळिंदर केलं, पाठीवर काट्यांसारखी शेव खोचली. काकडी चिरून मगर केली, जबड्यात डाळिंबाचे दाणे बसवले. इडलीचं घुबड झालं, त्याला गाजराच्या चकत्यांचे डोळे आणि मिऱ्याची बुबुळं. बटाटेवडा उपडा घालून चार शेंगदाणे लावले, झालं कासव. पुऱ्यांचे कान लावून हत्तीही केला. ससा तेवढा केला नाही.

पाहुणे ताट बघायला आले. हत्ती स्वतःकडे बघून लाजला. मगरीने हळूच विचारलं, "मी खरंच इतकी बारीक दिसते?" सगळे खूश होते. आणि तेवढ्यात आले तुळाजीराव.

तुळाजीराव म्हणजे गोजराचे धाकटे दीर आणि ससे समाज मंडळाचे अध्यक्ष. त्यांनी ताटाभोवती दोन चकरा मारल्या.

"वहिनी, ससा कुठाय?"

"हळू बोला, भाऊजी."

"हळू का म्हणून? घुबड आहे, कासव आहे, आणि आपण? पिढ्यान् पिढ्या या गुहेच्या दारात राहतोय आपण! पण राजाच्या ताटात आपल्याला स्थान नाही!"

"अहो, ताट आहे ते. ताटातलं खातात."

"तुमचं सगळंच स्वयंपाकघरापुरतं, वहिनी. जरा समाजाचा विचार करा."

गोजराने हात जोडले. "भाऊजी, त्या छाव्याला ससा माहीत नाही. माझी पोरं त्याच्यासमोर खेळतात हो."

"हाच तर अन्याय!" तुळाजीराव गरजले. "आम्ही त्याला माहीतसुद्धा नाही!"

झालं. दुपारपर्यंत सगळे ससे गुहेच्या वाटेवर ठाण मांडून बसले. घोषणा सुरू झाल्या. छाव्याची झोपमोड झाली म्हणून सिंहीण वैतागून बाहेर आली. तुळाजीरावांनी तिथल्या तिथे भाषण ठोकलं. सिंहिणीला हसू आवरेना.

"एवढंच ना? करा हो एक ससा, गोजराबाई. शुभ दिवशी कोणाला नाराज कशाला करायचं?"

गोजराचा नाइलाज झाला. तिने मऊ भाताची मूद पाडली. वर खोबऱ्याचा कीस लावला, मुळ्याचे कान खोचले, डाळिंबाचे दोन दाणे डोळ्यांना. मग इकडेतिकडे बघून तिने हळूच कारल्याचा रस आणला. पण तुळाजीराव मागेच उभे होते.

"कारलं? अहो, समाजाच्या अब्रूचा प्रश्न आहे!" त्यांनी रस ओतून दिला आणि स्वतःच्या हाताने मुदीत गूळ आणि साजूक तूप घातलं. चांगलं सढळ हाताने.

संध्याकाळी छाव्याला ओवाळलं आणि ताट पुढे ठेवलं. त्याने हत्तीचा एक कान कुरतडून टाकून दिला. मगर नुसतीच चाटली. मग त्याची नजर सशावर गेली. आधी एक कान गेला. मग दुसरा. मग सगळा ससा गेला आणि ताटातली त्याची जागासुद्धा चाटूनपुसून लख्ख झाली.

"खाल्लं गं बाई, लेकराने खाल्लं!" सिंहिणीच्या डोळ्यांत पाणी आलं.

"आई, हा कोण होता?" छाव्याने विचारलं.

"आम्ही, युवराज, आम्ही!" तुळाजीराव छाती काढून पुढे झाले. नीट दिसावं म्हणून ते दगडावर चढले आणि कान ताठ केले. छाव्याने ताटाकडे पाहिलं, मग त्यांच्याकडे पाहिलं. चव आठवल्यासारखे त्याने ओठ चाटले.

"अरेच्चा," सिंहमहाराज म्हणाले, "हे इतके दारातच होते, आणि इतकी वर्षं आमचं लक्षच गेलं नाही!"

सशांनी टाळ्यांचा कडकडाट केला.

गोजरा मात्र टाळ्या संपायला थांबली नाही. तिने पिल्लं गोळा केली. जाता जाता ती दिराजवळ थांबली, कारण कसाही असला तरी घरचाच माणूस.

"भाऊजी, चला. रात्रीतून नदी ओलांडू."

"आत्ता?" तुळाजीराव हसले. त्यांच्या गळ्यात हार होता. "वेड लागलंय का, वहिनी? आत्ता कुठे आपले दिवस आलेत. उद्या सकाळी गुहेत या, एकटेच या, असं खुद्द महाराजांनी मला सांगितलंय."

तात्पर्य : मोठे लोक आपल्याला विसरले असतील, तर त्यांना जरूर आठवण करून द्यावी. ते मनाने फार चांगले असतात. एकदा आठवण करून दिली, की पुन्हा कधीही विसरत नाहीत.