रिकाम्या डब्यातला हातपंप

२००७ साली नाशिकच्या एका सरकारी खात्याने पाणी संगणकामार्फत द्यायचे ठरवले. पाण्याची हरकत आली नाही.

यंत्रणा सोपी होती. जावास्क्रिप्ट या संगणकाच्या भाषेत डब्यात डबा ठेवला होता: जिल्ह्यात तालुका, तालुक्यात गाव, गावात पाडा, पाड्यात हातपंप आणि हातपंपात त्याची स्थिती. पेठ तालुक्याकडच्या डोंगरातून अक्काबाई आली. तिच्या पाड्याला हापसा हवा होता; बायका अर्धा डोंगर उतरून झऱ्यावर जात होत्या. लिपिक सावळीराम यांनी स्थितीच्या डब्यात 'मागणी' असे टाइप केले. पण तिचा पाडाच संगणकात नव्हता. नसलेल्या पाड्याच्या नसलेल्या हातपंपात काही लिहिता येईना, म्हणून एरर आला आणि सगळ्या जिल्ह्याचे काम थांबले.

कंत्राटी प्रोग्रॅमर महेशला बोलावण्यात आले.

"पाडा आधी नोंदवायला हवा," तो म्हणाला.

"त्याला पाहणी लागते, ठराव लागतो," खात्याचे साहेब म्हणाले. "तू एरर तेवढा घालव."

महेशने सुरक्षित फंक्शन लिहिले. मधला डबा नसेल तर बोभाटा न करता रिकामा डबा तयार करायचा आणि पुढे जायचे. क्षणात पाडा झाला, पाड्यात हातपंप झाला, हातपंपात मागणी बसली. साहेबांनी पेढे मागवले.

महिन्याने अक्काबाई पुन्हा आली. मागणी हातपंपाच्या आत असल्याने सावळीराम यांना पडद्यावर फक्त हातपंप दिसला.

"बाई, तुम्हाला हातपंप आहे. दुसरा मिळणार नाही."

"कुठं हाय? आमाला तं दिसला नाय."

"इथे दिसतोय ना."

"मंग पाणी का येत नाय त्याला?"

प्रश्न रास्त होता. सावळीराम यांनी स्थिती 'नादुरुस्त' केली. एरर आला नाही. मला तर तो जुना एररच बरा वाटतो. निदान तोंडावर नाही म्हणायचा.

दुरुस्तीचे पथक डोंगर चढले. तिथे हातपंप नव्हता, पाइप नव्हता, बोअरही नव्हते. संगणक खोटे बोलत नाही, हे पथकाला प्रशिक्षणात शिकवले होते. मग उरलेली एकच शक्यता त्यांनी पोलिसांना कळवली.

"हापसा विकला असशील," हवालदार अक्काबाईला म्हणाला, "पण भोक कुठं ठेवलंस?"

"सायेब, मला सोडा. घरी पाणी नाय."

दुसऱ्या दिवशी पेपरात कोपऱ्यात बातमी आली: 'पाड्यावरचा हातपंप लंपास, महिला ताब्यात.' आपण ती गॅलरीत बसून चहासोबत वाचलीत, 'या लोकांना कितीही द्या,' असे म्हणालात आणि पान उलटलेत.