रिकाम्या वडापात पहिलं चढू नये

सीमेवरच्या आडगावांमधून कमी पैशांत कसं हिंडावं, हे ज्याला शिकायचं असेल त्यानं सरळ माझ्याकडे यावं! पुस्तकं चाळू नयेत, नकाशे उलटेसुलटे धरू नयेत. मुआंग खेनला, माणसं भरून नेणाऱ्या वडापाच्या थांब्यासमोर माझं शेवयांच्या रश्शाचं दुकान आहे, वर भाड्याच्या खोल्या आहेत. गावात कुणालाही विचारा, तुई मावशी कुठं? जिथून आवाज येतो तिथं, असं सांगतील.

सल्ला मी फुकट देते. खोली बघायला गेलात तर गादीवर टेकू नका. टेकलात की मालकीण ओळखते, हा दमलाय, हा आता कुठं जात नाही. (मी तरी ओळखते!) सीमेच्या फाटकावरच्या साहेबापुढं त्याचं जेवण झाल्यावरच उभं राहा, भुकेला साहेब पासपोर्टचं पानन् पान वाचतो. आणि सगळ्यांत मोलाचा सल्ला म्हणजे, रिकाम्या वडापात पहिलं चढू नये!

व्हिएतनामच्या फाटकाला जाणारं वडाप आमच्याकडे एकच, सोमफूचं. ते भरल्याशिवाय सुटत नाही. जो पहिला चढतो तो दुपारपर्यंत पत्र्याखाली शिजतो. जो शेवटी चढतो तो सावलीत बसून, कॉफी पिऊन, रस्सा ओरपून मग चढतो. आता ती सावली माझ्याच दुकानाची, कॉफी माझी आणि रस्साही माझाच, याला मी काय करू?

तर त्या दिवशी माझ्या सेंगदावला मागणी घालायला माणसं यायची होती. पोरीनं तिशी गाठलेली. येईल त्या स्थळाला नाक मुरडणारी ती, फाटकाच्या गावात टायरचं दुकान असलेल्या अनुसाकवर जीव टाकून बसली होती. मुलगा सोन्यासारखा. आई मात्र, म्हणजे चन्थीबाई, नाकावर माशी बसू द्यायची नाही. मागे एका घरी पाणी द्यायला उशीर झाला, तर बाई विड्याचं तबक उचलून तडक परत! सेंगदाव मला म्हणाली होती, "आई, हे मोडलं तर मी दुसऱ्या कुणाशी लग्न करणार नाही." आणि ती बोलते ते करते, बापावर गेलीय.

सकाळपासून घरात नुसती धावपळ. माशांचं कालवण, खिमा, केळीच्या पानातली पातोडी, चिकट भाताच्या टोपल्या, तांदळाच्या दारूचा रांजण, सगळं तयार! नातेवाईक रेशमी कपडे घालून दारातल्या मांडवात रांगेनं बसलेले. आणि मुलाकडच्यांचा पत्ता नाही! त्यात दुकानातली चांगली टेबलं चार फिरंग्यांनी अडवलेली. त्यांचा म्होरक्या योरिस, ताडमाड उंच, पाय पसरून असा बसलेला की येणाऱ्या पाहुण्यांना ओलांडायला शिडी लागावी.

"अरे बाबा, वडाप केव्हाचं उभं आहे. जा की!"

"रिकामं आहे, मावशी."

"मग?"

"तूच काल सांगितलंस, पहिलं चढू नये."

"सांगितलं. पण आज चढावं!"

"का?"

काय सांगणार, कपाळ? बरं, एकटा योरिस असता तरी परवडलं असतं. फाटकाच्या बाजाराला निघालेल्या भाजीवाल्या बायकाही पलीकडे फणसाखाली टोपल्या मांडून बसलेल्या. त्याही माझ्याच गिऱ्हाईक, माझ्याच शिष्या! सगळे एकमेकांकडे बघताहेत, आधी कोण चढतंय. आणि सोमफू चाकाला टेकून माझ्याकडे खाऊ की गिळू असा बघतोय.

पण मी म्हणजे तुई आहे! डोक्यात दिवा पेटला. वडाप भरलेलं दिसत नाही म्हणून चढत नाहीत ना? भरून दाखवू! घरात रिकामटेकडी माणसं काय कमी होती?

सोमफूच्या कानात सगळं सांगितलं. माझी माणसं जाऊन बसतील, चार जागा सोडतील. फिरंगी धावत येऊन चढतील. मग माझी माणसं छत्री विसरली, तपकीर विसरली करत एकेक उतरतील आणि सोमफू फिरंग्यांना घेऊन चालता होईल. परत आल्यावर त्याला पोटभर जेवण. तो कबूल झाला. मी नातेवाईकांना हाकलायला घेतलं.

"मला गाडी लागते गं," नवऱ्याची आत्या म्हणाली.

"आत्याबाई, गाडी हलणारच नाहीये! नुसतं बसायचं."

"उभ्या गाडीतही लागते."

"मग डोळे मिटून बसा!"

तरी एक जागा जास्त उरली. पाच जागा दिसल्या असत्या तर फिरंगी पाचव्याची वाट बघत बसले असते, मी ओळखते ना त्यांना! मी सेंगदावला ओढलं.

"आई! मी नवरी आहे!"

"नवरीला बसता येत नाही का? पाच मिनिटांचा प्रश्न आहे!"

कमरेला गुंडाळलेला हिरवा रेशमी सिन सावरत, केसांतल्या सोन्याच्या पिना सांभाळत पोरगी चढली. आणि काय सांगू, जादू झाली! योरिसनं मान वर केली, जागा मोजल्या, ताडकन उठला, पाठीवर बोचकं चढवलं. मी मनात म्हटलं, तुई, शाबास!

पण योरिसला निघायच्या आधी संडासात जायचं होतं. संडासाला आतून कडी, कारण आत सोमफू! त्याच्या पोटानं नेमकी तीच वेळ धरली. जाताना त्यानं मेव्हण्याला, बुनथोमला, स्टेअरिंगवर बसवलेलं. हा बुनथोम शहरातून कालच आलेला, वडापाचं काम शिकायला. पोरगा गुणी. सांगितलं तेवढंच करणारा!

योरिस संडासाबाहेर या पायावरून त्या पायावर. बाकीचे तिघं त्याच्यासाठी खोळंबलेले. तेवढ्यात फणसाखालून आरोळी आली, "अगं चला चला, शेवटच्या जागा राहिल्यात!" आणि भाजीवाल्या टोपल्यांसकट धडाधडा आत घुसल्या!

"उतरा गं बायांनो, उतरा!" मी धावले, मागच्या पायरीवर चढले, एकीची टोपली ओढायला लागले. बुनथोमनं मागं वळून पाहिलं. सगळ्या जागा भरलेल्या, पायरीवर सुद्धा एक बाई लटकलेली. याहून जास्त वडाप ते काय भरायचं? त्यानं गिअर टाकला.

वडाप सुटलं!

माणसांवरून वाकत ड्रायव्हरच्या पाठीमागच्या खिडकीशी तोंड नेऊन मी ओरडले, "बुनथोम! थांबव! ही खरी माणसं नाहीत रे!"

"म्हणजे?"

"म्हणजे नुसती बसलीत!"

"मावशी, वडापात माणसं बसतातच की!"

"अरे, त्यांना कुठं जायचंच नाहीये!"

"सोमफूभाऊजींनी बजावलंय," तो म्हणाला, "भरलं की सुटायचं. बायका थांब थांब म्हणतात, थांबायचं नाही. फाटक बंद होतं!" आणि त्यानं गाण्यांचा आवाज वाढवला.

घाट सुरू झाला. आत्याबाईंनी शब्द खरा केला, आणि तोही एका भाजीवालीच्या मोहरीच्या पाल्यावर! "माझा सगळा माल नासवला म्हातारीनं!" "आधी सांगितलं होतं मी, गाडी लागते म्हणून!" सगळं वडाप मलाच शिव्या घालत होतं. लाल धुळीनं सेंगदावचा हिरवा सिन तपकिरी झाला, पिना कानावर लोंबायला लागल्या. पण ती एक शब्द बोलली नाही. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. ओरडली असती तर परवडलं असतं हो! तिकडे चन्थीबाई आमच्या दारात पोचल्या असतील, नवरीही नाही आणि नवरीची आईही नाही!

फाटकाच्या गावात वडाप थांबलं आणि समोर बघते तर काय, वडाच्या सावलीत चन्थीबाई! हातात विड्याचं तबक, मागं गावातले म्हातारे, बाजूला नवा शर्ट घातलेला अनुसाक. सकाळपासून उभे, कारण वडापच आलं नाही! येणार कुठून? मुआंग खेनला भरतच नव्हतं ना! आणि का भरत नव्हतं, ते मी तिथं कुणाला सांगितलं नाही.

आम्ही एकेक उतरलो. चन्थीबाईंनी रेशमी कपडे बघितले, मग सेंगदावला बघितलं.

"अगंबाई! मागणी घालायला आम्ही यायचं का तुम्ही? मुलगी घेऊनच आलात?"

अख्खा बाजार जमा झाला. कुणीतरी ओरडलं, "पोचती करायला आलेत वाटतं!" हशा पिकला. सेंगदावनं तोंड ओंजळीत लपवलं. अनुसाक पांढराफटक. चन्थीबाई तबकावर फडकं झाकायला लागल्या. झाकलं की संपलं!

"तुम्हाला घ्यायला आलो!" मी बोलून गेले. कुठून सुचलं देव जाणे.

"नवरीसकट?"

"मान द्यायचा तर पुरता द्यावा, विहीणबाई! आमच्याकडे अर्धवट काही करत नाहीत."

चन्थीबाईंचा हात थांबला. मग हळूच म्हणाल्या, "मला घ्यायला आजवर कुणी आलं नव्हतं." आणि फडकं बाजूला केलं. मला तिथंच रडू फुटलं, खोटं कशाला सांगू!

आता परतायचं. आमची सगळी माणसं आणि त्यांची सगळी माणसं. बुनथोम रडवेला झाला.

"भरलं की सुटायचं हे शिकवलंय. सांडायला लागलं तर काय करायचं ते नाही शिकवलं!"

पुरुष टपावर गेले. अनुसाक पायरीवर लटकला, बरोबर सेंगदावच्या बाजूला. आणि चन्थीबाईंना जागाच उरली नाही, म्हणून त्या माझ्या मांडीवर बसल्या. बाई अंगानं भरदार! घाटात प्रत्येक वळणाला मी मान पुरता देत होते.

घरी पोचलो. मांडवात माझा नवरा सिफान, सोमफू आणि चारही फिरंगी रांजणाभोवती बसलेले. कालवणाचं भांडं उलटं. खिमा नाही. पातोडीची नुसती पानं. योरिसच्या मनगटावर मानाच्या पाहुण्यांना बांधायचे आशीर्वादाचे पांढरे दोरे!

"होतीस कुठं?" सिफान खुशीत म्हणाला. "पाहुणे केव्हाचे आलेत!"

"हे पाहुणे?"

"ताटं मांडलेली, समोर माणसं बसलेली. या, जेवा, असं कुणीतरी म्हणायला नको?"

चन्थीबाईंनी एकेका भांड्यात डोकावून बघितलं. एक, दोन, सगळी! मग बाई चटईवर धप्पकन बसल्या आणि कंबर दाबत म्हणाल्या, "त्या वडापात मी आज पुन्हा चढणार नाही, जीव गेला तरी. लग्न ठरवूनच टाका, आणि काय असेल ते गरम खायला आणा!"

काय असणार? दुकानातला शेवयांचा रस्सा! मुलाकडच्या मानाच्या मंडळींनी वाट्या तोंडाला लावून ओरपला. विडे दिले-घेतले, पौर्णिमेनंतरचा दिवस ठरला. सेंगदाव हसतही होती आणि डोळेही पुसत होती. माझ्याशी मात्र अबोला तो अबोलाच.

चन्थीबाईंनी वाटी खाली ठेवली, तोंड पुसलं. "विहीणबाई, तुम्ही म्हणे अख्ख्या जगाला प्रवासाचे सल्ले देता. लग्नाला आमची सगळी आळी येणार. कमी खर्चात, बिनघोर कसं यावं, ते सांगा बघू!"

मी सिन सारखा केला, घसा खाकरला. "अगदी सोपं आहे," मी म्हटलं, "हे बघा..."

एवढ्यात सेंगदाव उठली, टोपलीच्या तळाचा उरलेला चिकट भात मुठीत वळला आणि भलामोठा गोळा माझ्या तोंडात कोंबला. मंडळींना वाटलं, लेकीची माया! सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मी आपली गुपचूप चावत बसले.