सेतुअक्कांची तीन मिनिटं

सेतुअक्कांशी बोलायला बसलं की तीन मिनिटांनी त्या बोलणं तोडतात. तुम्ही काय सांगताय, कुठवर आलाय, याच्याशी त्यांना काही नसतं. भिंतीवरच्या घड्याळाकडे एकदा बघतात, आवाज इस्त्री केल्यासारखा सरळ होतो आणि त्या म्हणतात, "थ्री मिनिट्स ओव्हर. एक्स्टेंड?"

आपण हो म्हटलं की पुढची तीन मिनिटं आपली. गप्प राहिलो तर त्या झोपाळ्यावरून उठून आत जातात. राग नाही, रुसवा नाही. वेळ संपली, लाइन सोडली.

हे सगळ्यांना लागू आहे. दरवर्षी अक्कांच्या वडलांच्या श्राद्धाला येणारे वाध्यार, म्हणजे भटजी, मंत्राच्या मधेच मान न वळवता "एक्स्टेंड, मामी" म्हणतात आणि पुढचा मंत्र उचलतात. त्यांना सवय झालीय. माझ्या आईला नव्हती. एकदा आटपाडीहून तिचा फोन आला, म्हैस आजारी म्हणून रडत होती, आणि मी अक्कांच्याच झोपाळ्याशेजारी बसले होते. मागून इंग्रजी आवाज गेला तशी आई रडायची थांबली. "अगं, तुझं पैसं संपलं वाटतं फोनमधलं. ती बाई बोलाय लागली," म्हणाली आणि ठेवूनच दिला.

अक्का चेन्नईच्या टेलिफोन एक्सचेंजात ट्रंक ऑपरेटर होत्या. ज्यांनी ट्रंक कॉल पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगते, मीही पाहिला नाही. तेव्हा परगावी फोन करायचा तर आधी ऑपरेटर बाईला नंबर सांगायचा आणि बसून राहायचं. ती एका गावाची दोरी दुसऱ्या गावाच्या भोकात खुपसून लाइन लावून द्यायची, तीन मिनिटं झाली की मधे येऊन विचारायची, वाढवू का. अक्कांनी जन्मभर हेच केलं. आता ते एक्सचेंज नाही, तो बोर्ड नाही, ट्रंक कॉलच नाहीत. अक्का मात्र ड्यूटीवर आहेत.

आम्ही त्यांच्या पश्चिम मांबळमच्या घरात वरच्या खोलीत राहतो. माझे मालक जॉर्ज टाउनला त्यांच्या मामांच्या गलाईच्या दुकानात सोनं वितळवायचं काम करतात. आमच्या आटपाडीकडची निम्मी माणसं हेच काम करत देशभर पसरलीत. मी नववीत असताना लग्न झालं आणि इथे आले. खोली शोधत दारोदार फिरत होतो, तमिळ येत नव्हतं, कोणी दारातूनच हात हलवायचं. अक्कांच्या दारात मी यांना हळूच म्हटलं, "चला हो, इथंबी न्हाई मिळायची," आणि आतून आवाज आला, "कां नाही मिळायची?"

त्या तंजावरच्या मराठी. त्यांचे पूर्वज कधीकाळी इकडे आले ते इथलेच झाले. त्यांचं मराठी पोथीतल्यासारखं जुनं, पण चाल सगळी तमिळची, वाक्याचं शेपूट वर उचलून बोलायची. "हो"ला "होवे" म्हणतात, सगळ्याला "अस्कं". पहिल्या दिवशी मला निम्मं कळलं नाही. पण परक्या गावात कोणीतरी आपल्या भाषेत कां म्हणून विचारलं, तेवढ्यावर मला रडू आलं. अक्कांनी रडू दिलं. मग घड्याळाकडे बघितलं.

अक्कांच्या जगात गोष्टी तीन प्रकारच्या असतात. ऑर्डिनरी, अर्जंट आणि लाइटनिंग. ट्रंक कॉलचे हे तीन दर्जे होते. लाइटनिंगचा कॉल आला की बाकीचे अस्के थांबायचे. कोथिंबीर संपली, ऑर्डिनरी. गॅस संपला, अर्जंट. लाइटनिंग सहसा नाहीच. माझी मुलगी जिन्यावरून पडून कपाळ फुटलं तेव्हा मी किंचाळत खाली आले, तर अक्कांनी जखम बघितली, "अर्जंट," म्हणाल्या आणि हळद आणायला गेल्या. लाइटनिंग नाही, अर्जंट, या फरकानेच मला धीर आला.

आणखी एक. आजवर मी त्यांना मशीनवर चिडलेलं बघितलं नाही. माझ्या मोबाइलवर ते गोल चक्र फिरायला लागलं की मी त्यालाच शिव्या घालते. अक्का चष्मा लावून त्या चक्राकडे अदबीने बघतात. "फिरतंय म्हणजे कोणी तरी शोधतंय गं. शोधू दे." मी म्हणायची, अक्का, तिथं माणूस नसतं, कॉम्प्युटर असतो. त्या म्हणायच्या, "होवे. आमच्या बोर्डाला पण लोक मशीनच समजायचे."

मग माझ्या दहावीचं निघालं.

घरी बसून दहावी देता येते अशी मुक्त शाळा असते, हे मला अक्कांनीच शोधून दिलं. मी ज्या बालवाडीत पोरांना सांभाळायला जाते तिथल्या बाई म्हणाल्या होत्या, दहावी झालीस तर शिकवायला घेईन. पुस्तकं आली, अक्का रोज प्रश्न विचारायच्या, तेही तीन तीन मिनिटांच्या हप्त्यात. त्या वर्षी परीक्षेचा अर्ज कागदावर नव्हता. नवं संकेतस्थळ सुरू झालं होतं, सगळं त्यावरच. सुरू झालं त्या दिवसापासून ते कधी उघडायचं, कधी पांढरं पान दाखवायचं, कधी सगळं भरून घेऊन शेवटच्या बटणाला मान टाकायचं. उद्या करू, उद्या करू करता शेवटचा दिवस आला. संध्याकाळी पाचला खिडकी बंद. आणि मामांचं दुकान कोइमतूरला हलवायचं चाललेलं, पुढच्या वर्षी आम्ही कुठे असू कोणाला ठाऊक. आत्ता नाही तर मग नाहीच, हे मला कळत होतं. शाळा एकदा सुटली की ती पुन्हा धरायला किती वर्षं जातात, हे मी बघितलं होतं.

सकाळीच स्टेशनाजवळच्या सेल्वमच्या ब्राउझिंग सेंटरात गेले. तिथे माझ्यासारखे पन्नास. सगळे सेल्वमला शिव्या देत होते, जणू संकेतस्थळ त्यानेच बंद पाडलं होतं. एक काका टेबल बडवत म्हणत होते, "पाच वाजता माझ्या पोराचं वर्ष गेलं तर तुझं दुकान पेटवीन." सेल्वम हात जोडून म्हणत होता, "सार, माझी बायकोपण हाच फॉर्म भरतेय, सार. ती घरी मला शिव्या देतेय."

मी दुपारी घरी परत आले, पायरीवर बसले आणि मोबाइलवर ते बटण दाबत राहिले. दाबायचं, चक्र, पांढरं पान. पुन्हा दाबायचं. अक्का बाहेर आल्या. माझं तोंड बघितलं, मोबाइल बघितला. मग म्हणाल्या, "लाइटनिंग."

इतक्या वर्षांत तो शब्द मी त्यांच्या तोंडून पहिल्यांदा खरा वापरलेला ऐकला.

त्यांनी आपल्या जुन्या फोनवरून मदत केंद्राला फोन लावला, स्पीकर चालू केला आणि झोपाळ्यावर ताठ बसल्या. तिकडून गाणं सुरू झालं. गाणं संपलं की एक बाई म्हणायची, तुमचा कॉल आम्हाला महत्त्वाचा आहे, आणि पुन्हा गाणं. मी एका हाताने बटण दाबत होते, दुसऱ्याची नखं खात होते. अक्का म्हणाल्या, "रांगेत आहोत आपण. चिडू नको. कां म्हट्लं तर, अस्के एकदम आलेत." आमचं जेवण तसंच राहिलं.

शेवटी एक मुलगी आली. आवाज बसलेला. अक्कांनी तमिळमधून पहिलं काय विचारलं असेल? "कण्णू, तण्णी कुडिच्चिया?" बाळ, पाणी प्यायलीस का.

मग मुलगी म्हणाली, "नाही अम्मा."

"आधी पी. मी लाइनीवर आहे."

आणि खरंच पाण्याचा घोट ऐकू आला. मी डोक्याला हात लावला. मग अक्कांनी माझा अर्ज सांगितला, मुलीने नंबर विचारला, तिकडे टकटक झाली. ती म्हणाली, "अम्मा, सकाळपासून नुसत्या शिव्या खातेय, माझ्या हातात काही नाही. पण तुम्हाला एक सांगते. ते शेवटचं बटण आहे ना, ते..."

अक्कांची नजर घड्याळावर गेली. मला दिसलं, पण मी त्यांचं तोंड धरू शकले नाही.

"थ्री मिनिट्स ओव्हर," अक्का त्या इस्त्रीच्या आवाजात म्हणाल्या. "एक्स्टेंड?"

मुलगी घाबरली. तिला वाटलं, लाइनीवर तिची साहेबीणच आली. तिथेही मिनिटं मोजत असणार. एका श्वासात तिने पाठ केलेलं वाक्य म्हटलं, फोन केल्याबद्दल आभार, आपला दिवस चांगला जावो, आणि फोन बंद.

या बाईने मला छप्पर दिलं, पुस्तक दिलं, तिला काय बोलणार? पण माझ्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. अक्का हातातल्या फोनकडे बघत राहिल्या. तो ताठ कणा मी पहिल्यांदा वाकलेला बघितला. "तोंड आपसूक बोलतं गं," त्या म्हणाल्या. "इतकी वर्षं झाली. आपसूक बोलतं."

मग त्यांनी डोळे मिटले. "ती 'ते बटण' कशी बोल्ली? आम्ही 'सार, रिसीव्हर आपटू नका' बोलायचो ना, तश्शी. दाबू नको असंच सांगत होती ती. दाबलं की पुन्हा रांगेत मागे. हात काढ."

मी हात काढला. मोबाइल आमच्या दोघींच्या मधे झोपाळ्यावर ठेवला, चक्र फिरत होतं, आणि आम्ही बसून राहिलो. दाबायचं नाही म्हणजे किती कठीण असतं, ते मला त्या दिवशी कळलं. मी बोटं पदराला गुंडाळून घेतली होती.

माझं मन तिकडून काढावं म्हणून असेल, अक्का बोलायला लागल्या. एकदा किनाऱ्याला वादळ येऊन तारा तुटल्या होत्या. एका माणसाला नागपट्टणमचा लाइटनिंग कॉल हवा होता, बायको दिवस भरत आलेली, घर समुद्राकडे. लाइन नव्हतीच. तो अक्कांना वाटेल ते बोलला. मग रडला, मग पुन्हा बोलला. अक्का दिवसभर इकडून तिकडून गावं जोडून बघत राहिल्या, आणि संध्याकाळी तिकडची घंटी वाजली. कोणी तरी उचलला. "हॅलो" म्हटलेलं त्यांनी ऐकलं. बाईचा आवाज की म्हातारीचा, कळलं नाही.

"मग?"

"मग काय? लाइन लागली की ऑपरेटरने बाहेर व्हायचं. ऐकायचं नाही. रूल." अक्कांनी झोपाळ्याची कडी धरली. "त्या दिवशी तीन मिनिटं झाली, मी विचारलं नाही. तशीच सोडली लाइन. मेमो मिळाला मला. पण त्या बाईचं काय झालं, ते नाही कळलं. एवढ्या लाइना लावल्या गं. मागून फोन करून कोणी सांगितलं नाही, अक्का, असं असं झालं."

तेवढ्यात मोबाइल उजळला. चक्र नव्हतं. हिरवी खूण, खाली माझं नाव, आणि त्याखाली, अर्ज स्वीकारला. पाचाला थोडा अवकाश होता.

मी ते तीन वेळा वाचलं. अक्कांनी वाचलं. मग मी त्यांच्या पाया पडले, त्यांनी डोक्यावर हात ठेवला, आणि मला वाटलं आता आत जाऊन कॉफी टाकतील. पण त्यांनी पुन्हा फोन उचलून तोच नंबर लावला, स्पीकर तसाच चालू. गाणं सुरू झालं.

"आता कशाला अक्का? झालं की."

"होवे, झालं. सांगायला नको?"

गाणं पुष्कळ वेळा संपलं. मीच आत जाऊन कॉफी करून आणली, डबऱ्यासकट, म्हणजे पेल्याखालच्या वाटीसकट, त्यांच्या हातात दिली. शेवटी एक मुलगा आला. अक्का म्हणाल्या, "तक्रार नाही बाबा. दुपारी तुमच्याकडची एक मुलगी बोल्ली माझ्याशी, आवाज बसलेली. तिला सांग, अर्ज गेला. आमच्या पोरीचा अर्ज गेला."

मुलगा चाचरला. "अम्मा, इथे आम्ही शेकडो जण आहोत. सगळ्यांचेच आवाज बसलेत. कोणाला सांगू?"

अक्का म्हणाल्या, "मग अस्क्यांना सांग."

तिकडे नुसती खुडबुड झाली. मला वाटलं, ठेवला. मग त्या मुलाने कानावरचं काढून मोठ्याने हाक दिली असावी, कारण लांबून ऐकू आलं, एक अर्ज गेला, एक अम्मा सांगतायत. कोणी तरी हसलं. मग आणखी कोणी. मग टाळ्या, आधी एका कोपऱ्यातून आणि मग पावसासारख्या पसरत. अक्का फोन हातात धरून ऐकत होत्या, तोंड किंचित उघडं.

मुलगा परत आला. "अम्मा, ठेवू नका हं. कुठला अर्ज होता? कोण पोरगी?"

अक्का सांगायला लागल्या. आटपाडीहून आलेली, नववीत शाळा सुटलेली, गणितात जरा कच्ची. तो मुलगाही काही सांगत होता, त्याच्या घरचं. मी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं. मोठा काटा तीन मिनिटांची घरं केव्हाच ओलांडून गेला होता.

अक्कांनी पायाने झोपाळा थांबवला, उठल्या, आणि घड्याळाकडे पाठ करून पुन्हा बसल्या.