गायकर बाईंचा कुजबुजता भूगोल

आमच्या शाळेत वर्गाबाहेर उभा राहिलेला पहिला लॅपटॉप गायकर बाईंचा.

मी स्टाफरूमकडे चालले होते. आठवीच्या दाराबाहेर, पाण्याच्या पिंपाशेजारी एका स्टुलावर तो लॅपटॉप तोंड भिंतीकडे करून ठेवलेला. लॅपटॉपमधून पोरांचे आवाज येत होते, "बाई, आम्ही नाही बोललो. तो ओम बोलला." मी दारातून विचारलं, "बाई, हे काय?"

"ऑनलाइनवाल्यांनी दंगा केला," बाई म्हणाल्या. "वर्गातल्यांना बाहेर काढते, मग यांना काय आरती ओवाळू?"

"पण सगळ्यांनाच?"

"दंगा कोणी केला ते सांगत नाहीत. मग सगळे."

शिक्षा फारशी लागू पडली नाही. शिपाई सखारामनं येताजाता लॅपटॉप सरळ केला आणि घरी बसलेल्या पोरांना सबंध व्हरांडा दिसू लागला. मोठ्या सरांसाठी वडापाव आला ही बातमी त्या दिवशी बदलापूर आणि उल्हासनगरला आमच्या आधी पोचली.

आमची शाळा अंबरनाथ पूर्वेला. एका बाजूचे वर्ग दुरुस्तीला काढले तेव्हा अर्ध्या पोरांनी आज शाळेत यायचं, अर्ध्यांनी घरून मोबाइलवर बसायचं आणि उद्या उलट, असं ठरलं. संस्थेनं त्याला हायब्रिड शिक्षण असं नाव दिलं आणि शिकवायला एक टाय लावलेला मुलगा पाठवला. त्यानं फळ्यावर तो शब्द लिहिताच गायकर बाईंनी हात वर केला.

"हायब्रिड म्हणजे भाताचं बियाणं ना? आमच्या सासऱ्यांनी लावलं होतं. पीक दांडगं येतं, पण भाताला चव नाही."

"मॅडम, हे वेगळं आहे."

"बघू," बाई म्हणाल्या. "शिजल्यावर कळेल."

बाई पालेगावच्या. जुनं शेतकऱ्यांचं घर. शेतं होती तिथं आता टॉवर आहेत, त्यांची नावं इंग्रजी, आणि मधोमध बाईंचं कौलारू घर. एवढी वर्षं शाळेत काढून त्यांची भाषा पुस्तकी झाली होती, पण राग आला की गाव बाहेर यायचं, 'मला'चं 'माना' व्हायचं. "माना शिकवतंस काय?" असं ऐकू आलं की आठवीचा वर्ग पुढचं वाक्य न ऐकताच पुस्तक उघडत असे.

आणि आवाज. बाईंचा आवाज हा शाळेच्या मालमत्तेतला भाग होता. माइक बिघडला की पंधरा ऑगस्टला त्यांनाच पुढे करायचे. त्या खाली भूगोल शिकवत असल्या की वर मला मराठीची कविता शिकवता येत नसे. मी "आता डोळे मिटून ती संध्याकाळ आठवा" म्हणायचे आणि खालून यायचं, "दख्खनचं पठार कशाचं बनलंय रे?" माझी पोरं डोळे मिटूनच "बेसाल्ट" म्हणायची.

लॅपटॉप टेबलावर ठेवायला बाईंनी पहिल्याच दिवशी नकार दिला. त्यांचं म्हणणं, तो विद्यार्थी आहे, तेव्हा बाकावर बसेल. दुसऱ्या बाकावर, खिडकीशी त्याची जागा. शेजारी बसेल त्यानं त्याची काळजी घ्यायची, चार्जर लावायचा, आणि त्याच्या कानात उत्तर सांगायचं नाही. रांगोळीनं जमिनीवर महाराष्ट्र काढला की दोन पोरी लॅपटॉप पालखीसारखा उचलून कोकणातून विदर्भाकडे न्यायच्या. समोच्च रेषा शिकवायला बाईंनी सगळ्यांना बटाटा आणायला सांगितलं. घरच्यांनीही आणायचा. बटाट्याच्या आडव्या चकत्या कापायच्या, एकेक कागदावर ठेवून भोवती पेन्सिल फिरवायची, की झाला डोंगर. उल्हासनगरच्या एका पोरीच्या घरी शेजारच्या सिंधी आंटी रोज तासाला येऊन बसायच्या. तास संपल्यावर त्या स्क्रीनमध्ये डोकावून म्हणाल्या, "टीचर, पहाड तो समझ गई. अब इसकी टिक्की बना लूँ?"

"बना लीजिए," बाई म्हणाल्या. "लेकिन पहले शिखर तळने का." बाईंचं हिंदी असंच होतं.

बाईंचा खरा राग होता बंद कॅमेऱ्यांवर. काळ्या चौकटीत नुसतं नाव दिसलं की त्या म्हणायच्या, "ही काय पाटी लावलीय दारावर? माणूस कुठाय?" मोठ्या सरांनी कॅमेरा बंद असेल तर गैरहजर, असा नियम काढला तेव्हा सगळ्यांत जास्त आनंद बाईंना झाला. दोन दिवसांत सगळ्या पाट्यांमागून माणसं निघाली. एकाच्या मागे म्हैस निघाली. फक्त एक पाटी हटेना. मानसी, बदलापूर.

मानसी एकही दिवस शाळेत आली नव्हती. पायाचं काहीतरी ऑपरेशन झालंय एवढंच आम्हाला ठाऊक. नाव पुकारलं की फार बारीक आवाजात "हजर" यायचं.

"मोठ्यानं बोल. सकाळी पेज प्यायली नाहीस काय?"

"हजर," पुन्हा तसंच.

वर्गात खसखस पिकायची. कोणीतरी तिची नक्कल करायचं. बाई तिला गैरहजर मांडायच्या. दुसऱ्या दिवशी पुन्हा तोच प्रकार. अशा गैरहजेऱ्या साचल्या, तसं मोठे सर म्हणाले, "घरी कळवा. असंच चाललं तर परीक्षेला बसवता येणार नाही."

त्या शनिवारी शाळा सुटल्यावर बाई मला म्हणाल्या, "शुभा, चल. पोर खरी आहे का नुसता आवाज आहे, बघून येऊ. दोन शब्द मीच सुनावते तिच्या आईला."

बदलापूर पश्चिमेला जुनी इमारत, लिफ्ट नाही, वरचा मजला. जिना चढताना बाई भाषणाची तयारी करत होत्या आणि खालच्या मजल्यावरची दारं उघडून लोक बघत होते. वर पोचलो, बेल वाजवणार तोच दार आपोआप उघडलं. मानसीची आई ओठांवर बोट ठेवून उभी होती.

एकच खोली. कॉटवर मानसीचे वडील झोपलेले, डोळ्यांवर टॉवेल, अंगात काही नाही. आनंदनगर एमआयडीसीत त्यांना कायमची तिसरी पाळी. सकाळी यायचे, अंघोळ करून आडवे व्हायचे. कॉटच्या पायथ्याशी भिंतीला टेकून मानसी बसली होती, एक पाय उशीवर. तिच्यासमोर पोह्यांच्या डब्याला टेकवलेला मोबाइल. मी बघितलं, कॅमेरा कसाही फिरवला तरी त्यात कॉट येणारच.

मानसीनं आमच्याकडे आणि मग वडिलांकडे पाहिलं. "बाई, बाबा उघडे झोपतात," ती कुजबुजली. "वर्गात दिसलं असतं."

बाई खाली बसल्या. मला वाटलं, आता काही बोलल्या तर ते गृहस्थ कॉटवरून पडतील. पण बाईंनी फार हळू, मी त्यांच्याकडून कधीच ऐकला नव्हता अशा आवाजात विचारलं, "पाय दुखतो का गं?"

"रात्रीचा थोडा. सळी घातलीय."

"मग सांगायचं नाही का मला?"

"सगळ्यांसमोर कसं सांगू?"

आईनं भांड्यांचा आवाज न करता चहा केला. बशीशिवाय दिला. "तुमचा तास आमच्याकडे सगळ्यांना पाठ आहे," ती म्हणाली. "एकदा हिच्या हेडफोनची वायर निघाली आणि तुम्ही म्हणालात, उठा गाढवांनो. तर हे उठून बसले. म्हणाले, पाळीची वेळ झाली का?"

मी तोंडाला पदर लावला. बाई हसल्या नाहीत. "आता हेडफोन नीट आहे?"

"एक कान गेलाय," मानसी म्हणाली. "पण तुमचा आवाज एकाच कानात पुरतो."

सुनावायचे दोन शब्द तसेच राहिले. निघताना बाईंनी चपला हातात घेतल्या आणि जिन्याच्या पहिल्या वळणावर येऊन घातल्या. स्टेशनला जायचंय हे रिक्षावाल्याला मीच सांगितलं.

सोमवारी आठवीचा भूगोलाचा तास सुरू झाला आणि वर माझी कविता पहिल्यांदा मला स्वतःला ऐकू आली. मला काळजी वाटली. पोरांना लिहायला लावून मी खाली गेले.

बाई फळ्याशी उभ्या राहून कुजबुजत होत्या. "भूगोलाच्या तासाला आजपासून कोणी मोठ्यानं बोलणार नाही. विचारायचं ते हळू, सांगायचं ते हळू."

"का बाई?" ओमनं कुजबुजत विचारलं.

"पृथ्वी एवढी फिरते, आवाज करते का?"

पोरांना हे पटलं. मग बाईंनी ज्वालामुखी शिकवला. लाव्हा वर येतो, खडक फुटतात, आकाश काळं होतं, हे सगळं कुजबुजत. वर्ग पुढे वाकून ऐकत होता, एकजण शिंकला तर बाकीच्यांनी त्याला डोळ्यांनी दटावलं. शेवटी बाईंनी हजेरी घेतली. सगळ्यांनी "हजर" कुजबुजत म्हटलं. मानसीचं नाव आलं, तिनंही तसंच म्हटलं, आणि यावेळी ते दुसऱ्या बाकावरून शेवटच्या बाकापर्यंत स्वच्छ ऐकू गेलं. कोणी हसलं नाही. हसणार कशाला? सगळ्यांचा आवाज तसाच होता.

स्टाफरूममध्ये बाईंचा घसा कायमचा गेला अशी बातमी पसरली. कोणी ज्येष्ठमध आणला, कोणी खडीसाखर. मोठ्या सरांनी बोलावून आपुलकीनं कागद पुढे केला, म्हणाले, "बोलू नका, लिहून द्या."

"घसा धडधाकट आहे," बाई नेहमीच्या आवाजात म्हणाल्या आणि सरांचा चष्मा खाली आला. "मानसीचा कॅमेरा बंद राहील. तिच्या आधीच्या गैरहजेऱ्याही मी काढते. चूक माझी होती."

"पण नियम..."

"सर, तिचा बाप रात्रभर मशीनवर उभा असतो आणि दिवसा झोपतो. त्याला उघड्या अंगानं आख्ख्या आठवीसमोर मी दाखवणार नाही. पोरगी रोज उत्तर देते. परीक्षेला ती बसणार."

सरांनी चष्मा पुन्हा वर ढकलला. मग म्हणाले, "बरं. तिची हजेरी आवाजावर घ्या."

दुरुस्ती संपली, वर्ग पुन्हा भरले, तरी तो लॅपटॉप एकट्या मानसीसाठी दुसऱ्या बाकावर येत राहिला आणि आठवीचा भूगोल कुजबुजत राहिला. उन्हाळ्याच्या थोडं आधी मानसी स्वतःच आली, काठी टेकत, आईचा हात धरून. ती दुसऱ्या बाकावर बसली. बाईंनी नाव पुकारलं. मानसी उठून इतक्या दणदणीत आवाजात "हजर बाई" म्हणाली, की मी वरून ऐकलं. एवढे महिने तिनं तो कुठे ठेवला होता कोण जाणे.

"अगं, हळू," बाई म्हणाल्या आणि वर्ग हसत सुटला. त्याच तासाला बाईंचाही आवाज परत आला. पार मोरिवली गावापर्यंत गेला असेल.

मे महिन्यात बाईंनी मला पालेगावला जेवायला बोलावलं. तांदळाची भाकरी आणि सुकट. चुलीपाशी बसून त्या भाकऱ्या थापत होत्या, मी पाटावर. बोलता बोलता माझ्या लक्षात आलं, की मी पुढे वाकून ऐकते आहे. बाई कुजबुजत होत्या.

"बाई, आता इथं कशाला हळू बोलताय? आठवी पास झाली."

त्या हसल्या. "घरात मी अशीच बोलते. सवय जाली गो." मग आतल्या खोलीकडे मान करून म्हणाल्या, "त्यांना पण तिसरी पाळी होती. लग्न झालं तेव्हापासून. दिवसभर तिथं झोपायचे. आम्ही भांडलोसुद्धा कुजबुजत. पोरगी रडली की तिला घेऊन बांधावर जायची मी. सगळा आवाज मी शाळेत नेऊन खर्च करायची."

बाईंचे यजमान जाऊन बरीच वर्षं झाली होती. मुलगी लग्न होऊन पनवेलला.

"आता तर कितीपण ओरडा," मी उगाच म्हटलं.

"एकदा ओरडून बघितलं," बाई म्हणाल्या. "ते गेल्यावर. इथंच उभी राहून त्यांना हाक मारली, मोठ्यानं. एवढ्या वर्षांत कधी मारली नव्हती. माना माझाच आवाज ओळखू येईना. पुन्हा नाय मारली."

शेवटची भाकरी झाली. बाईंनी तवा उतरवला, खाली फडकं अंथरलं, आणि तवा त्याच्यावर अगदी अलगद टेकवला.