तारोडीच्या वाट्याचे चाळीस गरीब

अठरा देशांनी एकत्र बसून जगातली गरिबी हटवायचं ठरवलं, तेव्हा तारोडीच्या वाट्याला चाळीस गरीब आले. आकडा परदेशातच मंजूर झाला होता. माणसं तेवढी मिळायची बाकी होती.

ती शोधायला आषाढात प्रकल्प समन्वयक पराग गावात आला आणि नेमका हौसाबाईच्या दारात उभा राहिला.

"मावशी, कुटुंब दारिद्र्यरेषेखाली आहे का?"

हौसाबाईने पदर मागे सारला. कानात, गळ्यात, हातात, जिथे म्हणून जागा होती तिथे सोनं होतं. "गरीब तुझा साहेब! मी बोंबील इकून घर बांधलाय. बस, जेवून जा."

पराग जेवला, दोनदा भात मागून घेतला आणि अर्जावर 'अपात्र' लिहून गेला. सगळं गाव पालथं घातलं, पण एक कोळीण स्वतःला गरीब म्हणवून घेईल तर शपथ. वरून पत्र आलं : गरिबांचा तुटवडा स्थानिक पातळीवर भरून काढावा.

पराग पुन्हा आला. आता त्याला घरापुढचं खळं दिसलं, आळीतल्या सगळ्यांचं मासळी वाळवायचं अंगण. खळं पिढ्यांचं, पण कागद सरकारचा.

"ही जागा वापरात आहे?"

"आता न्हाय. पावसात कोन येडा मासली सुकवतो? बांबू सोडून ठेवलेत. नारली पुनवेनंतर ये, तुला पाय ठेवायला जागा मिलायची न्हाय."

अर्जावर चौकोन एकच होता. त्यात 'आता न्हाय' एवढंच मावलं. परागने शाईची डबी पुढे केली, तशी हौसाबाई उसळली. "अंगठा कोनाला सांगतोस? सही येते मला!"

"आये, वाचू तरी दे गो," सून रसिका म्हणाली.

"तू भाताकडं बघ." हौसाबाईने चारही अक्षरं झोकात काढली, खाली रेघ ओढली.

नारळी पौर्णिमेला दर्यात नारळ पडला आणि खळ्यात पायाचा दगड. पाटी लागली : 'शाश्वत मासेमारी उपजीविका संवर्धन केंद्र'. बोट बोंबलाने भरून आली, पण उपजीविका वाळत घालायला जागाच उरली नव्हती. हौसाबाईने रस्त्यावर घातले, रहदारीला अडथळा झाला. गच्चीवर घातले, केंद्राने लेखी हरकत घेतली की वासाने पर्यावरण बिघडतं. बोंबील म्हणजे नुसतं पाणी. तो कुणाच्या मंजुरीची वाट बघत बसत नाही. सगळा माल कुजला. पुढची खेप कुजली. आधी बांगड्या गेल्या, मग गळा, शेवटी कान.

माघात पराग आला. मोकळे कान बघून त्याचा चेहरा उजळला.

"मावशी, अभिनंदन! तुम्ही पात्र ठरलात!"

पाठोपाठ त्याच खळ्यावर मासळी सुकवणाऱ्या एकोणचाळीस जणी पात्र ठरल्या. उद्दिष्ट शंभर टक्के. अठरा देशांनी उभं राहून टाळ्या वाजवल्या.

लाभ म्हणून हौसाबाईला प्रशिक्षण मिळालं. परदेशी तज्ज्ञबाईने पडद्यावरून तिला बोंबील कसा सुकवावा ते शिकवलं. मग नोकरी. त्याच खळ्यात, थंडगार काचेच्या दालनात, जबड्यात जबडा अडकवून बोंबलांची जोडी दोरीवर टाकायची. बोंबील प्लॅस्टिकचे. वाळण्याचा प्रश्न नाही, कुजण्याचाही नाही. शाश्वत म्हणतात ते हेच असावं.

रविवारी मिरा रोडच्या सोसायट्यांमधून सुशिक्षित माणसं हे बघायला येतात. परवा एक बाई सगळे फलक वाचत फिरली, शेवटी हौसाबाईपाशी थांबली. "किती सोसलं हो तुम्ही लोकांनी! पण केंद्र मस्त आहे. वास अजिबात नाही."

हौसाबाईने अभिप्रायाची वही पुढे सरकवली. पानाच्या माथ्यावर मुंगीएवढ्या अक्षरांत छापलं होतं : 'पुढील केंद्रासाठी माझ्या घराभोवतालची मोकळी जागा घेण्यास माझी हरकत नाही.' रसिकाने ते तिला पहिल्याच दिवशी वाचून दाखवलं होतं.

"वाचून झाला सगला?"

"हो."

"हलहलून पन झाला?"

"हो ना, अगदी पाणी आलं डोळ्यांत."

"मंग कर सही."

बाईने पानाच्या माथ्याकडे बघितलंही नाही. झोकात सही केली, खाली रेघ ओढली.

"झ्याक येते गो तुला सही," हौसाबाई म्हणाली, आणि तिने पुढच्यासाठी पान उलटलं.