अडतीस सेकंद जास्त

देवानं सगळ्यांना दोन कान दिले, पण आपल्याला दिली ती दोन मोजमापाची यंत्रं, असं कानसेनांचं ठाम मत होतं. रेकॉर्ड प्लेयर दुरुस्त करणं हा त्यांचा धंदा. गिऱ्हाइकानं मशीन टेबलावर ठेवलं की ते डोळे मिटून वीस सेकंद ऐकायचे आणि रोग सांगायचे. ‘सुई झिजलीय.’ ‘पट्टा सैल पडलाय.’ बहुतेक वेळा ते बरोबरही निघायचं, त्यामुळे नम्र होण्याची वेळ त्यांच्यावर कधी आली नाही. कानसेन हे नाव गिऱ्हाइकांनी थट्टेनं ठेवलं होतं. त्यांनी ते दुकानाच्या पाटीवर रंगवून घेतलं.

मशीनची ताटली योग्य वेगानं फिरते की नाही हे बघायला या धंद्यात एक रेघांची चकती असते. ती ताटलीवर ठेवायची, दिव्याखाली फिरवायची. वेग बरोबर असेल तर रेघा एका जागी थांबलेल्या दिसतात. चकती कानसेनांकडेही होती. तिच्यावर ते चहाचा कप ठेवायचे.

“ज्याला कान नाहीत त्यानं चकती वापरावी,” असं ते म्हणायचे.

त्यांचा आणखी एक नेम होता. मोटरच्या टोकाला एक छोटी पुली असते, तिच्यावरून पट्टा जातो आणि ताटली फिरते. मशीनची तक्रार काहीही असो, सुई असो, वायर असो, परत देताना कानसेन नवी पुली बसवून द्यायचे, आणि तीही फुकट. अठ्ठावीस वर्षांपूर्वी एका बंद पडलेल्या गोदामातून शंभर पुल्यांचा डबा त्यांच्या हाती लागला होता. पहिली त्यांनी स्वतःसाठी नुकत्याच जुळवलेल्या मशीनला लावली. मग एकेक करत गावभर वाटल्या. लोक म्हणायचे, असा दिलदार कारागीर शोधून सापडायचा नाही.

आता त्यांच्या भक्तीविषयी. कानसेनांच्या तरुणपणी दाढीवाल्या चौघांचा एक रॉक बॅण्ड गाजला होता. त्यांचं पुलावरचं गाणं म्हणजे कानसेनांचं दैवत. ‘पूल ओलांडून येतो, थांब जरा’ एवढाच त्याचा अर्थ. पण काय तो आवाज! जड, खोल, एकेक शब्द छातीतून ओढून काढलेला. ऐकणाऱ्याला कळून चुकायचं की हा माणूस काही येत नाही. हेच गाणं रेडिओवर लागलं तर पळत सुटल्यासारखं वाजायचं, पण त्याचंही कारण कानसेनांना ठाऊक होतं. “रेडिओवाले जाहिराती बसवायला गाणी पळवतात,” ते सांगायचे. गिऱ्हाइकांनाही ते पटायचं, कारण त्यांच्या घरीही गाणं सावकाशच वाजायचं.

असा सगळा आनंदीआनंद चालला असताना वाचनालयानं ऐकण्याची खोली बंद करायचं ठरवलं.

ही खोली म्हणजे कानसेनांचा जीव. त्यांनीच दुरुस्त केलेली दोन मशीनं, सहाशे रेकॉर्ड, आठ खुर्च्या. दर शनिवारी ते तिथे बसून येईल त्याला जुनी गाणी ऐकवायचे. त्यासाठी त्यांना कुणी काही देत नव्हतं आणि त्यांनी मागितलंही नव्हतं. आठवड्यातले सहा दिवस ते दुरुस्तीवाले होते. शनिवारी मात्र लोक त्यांना ‘सर’ म्हणायचे. आता तिथे म्हणे झेरॉक्स मशीन येणार होतं.

ग्रंथपालबाई काटेकोर, पण न्यायी. त्या म्हणाल्या, “सभासदांना ठरवू दे. वादविवाद घेऊ. विषय असा: जुन्या रॉकचं आणि जुन्या गाण्यांचं जरा जास्तच कौतुक होतं का? दोन वक्ते, दहा-दहा मिनिटं, मग हात वर करून मतदान. ‘होतं’ असं ठरलं तर खोली गेली.”

“दहा मिनिटं कशाला, मला पाच पुरेत,” कानसेन म्हणाले. “माझ्याविरुद्ध बोलणार कोण?”

कोणीच तयार होईना. शेवटी बाईंनी एकीला गाठलं. ती कानसेनांची स्वतःची लेक निघाली.

लेक व्यायामोपचार करते. गुडघे बदललेल्या म्हाताऱ्यांना ठेक्यावर पाय उचलायला लावते, त्यामुळे दिवसभर तिच्या डोक्यात ठेकेच असतात.

“घरभेदी,” कानसेन जेवताना म्हणाले.

“बाबा, मला तुमची खोली बंद करायची नाहीय. पण बाईंनी मत विचारलं, ते मी खोटं कसं सांगू? तेव्हाही ढिगानं टाकाऊ गाणी होती. ती लोक विसरले, चांगली तेवढी राहिली. आता तुम्ही गाळून उरलेल्याची तुलना आजच्या न गाळलेल्याशी करता. आणि तुम्ही सतरा वर्षांचे असताना जे ऐकलंत तेच तुम्हाला थोर वाटतं.”

“मी सतरा वर्षांचा होतो म्हणून गाणं थोर झालं? तो आवाज ऐक. ते गांभीर्य ऐक. आहे आज कुणात?”

बायको भाजी वाढत होती. ती काहीतरी बोलणार होती, पण कानसेनांचा चेहरा बघून तिनं आणखी एक पोळी वाढली.

सभेच्या दिवशी पन्नास माणसं आली. पुढच्या रांगेत निवृत्त दंतवैद्य बसले होते. जुन्या गाण्यांच्या मंडळाचे ते अध्यक्ष. कानसेन इस्त्रीचा सदरा घालून उभे राहिले. पावणेसात मिनिटं बोलले आणि म्हणाले, “माझा युक्तिवाद हा,” आणि वाचनालयाच्या मशीनवर पुलावरचं गाणं लावलं.

सभागृह विरघळलं. दंतवैद्यांनी चष्मा काढून डोळे पुसले. गाणं संपलं तेव्हा कुणी खोकलंसुद्धा नाही. त्या शांततेत ग्रंथपालबाईंनी हातातल्या घड्याळाची कळ दाबली.

“सर, तुमची वेळ संपली.”

“कशी संपेल? मी हिशोब करून आलोय.”

“रेकॉर्डच्या पाकिटावर तीन मिनिटं दहा सेकंद छापलंय. मी तेवढेच धरले होते. तुम्ही तीन मिनिटं अठ्ठेचाळीस वाजवलंत. अडतीस सेकंद जास्त.”

“छापताना चूक झाली असेल.”

“मागच्या शनिवारी दुसरी रेकॉर्ड लावलीत, तीही अशीच लांबली होती,” बाई म्हणाल्या आणि वहीत काहीतरी लिहिलं.

कानसेन खाली बसले. पाकीट उलटंसुलटं करून त्यांनी छापलेला आकडा दोनदा वाचला.

लेक उभी राहिली. गाळणीचं सांगितलं, सतरा वर्षांचं सांगितलं, आणि फारसं कुणाला न दुखवता सांगितलं. मग म्हणाली, “बाबांचं हेच गाणं मी फोनवर ऐकवते. ते मला आवडतं. पण ते एवढं गंभीर वगैरे नाहीय.” आणि तिनं फोन ध्वनिक्षेपकाला लावला.

गाणं उड्या मारतच बाहेर आलं. गिटार खिदळत होती. गायक सर्दी नसलेला, बारीक आवाजाचा, खुशालचेंडू पोरगा होता आणि तो पूल ओलांडून येतो म्हणत होता ते खरंच दोन मिनिटांत पोचेल असं. मागच्या रांगेतल्या तीन-चार जणांनी पाय हलवले.

“बंद करा!” दंतवैद्य उठून उभे राहिले. “हे पळवलेलं आहे. मी पंचवीस वर्षं रोज हे गाणं ऐकतोय. माझ्या घरी ते सावकाशच वाजतं.”

“आमच्याकडेही,” कुणीतरी म्हणालं.

“आमच्याकडेही तसंच.”

“बघा. इतक्या घरांत, इतक्या वेगवेगळ्या मशीनांवर एकसारखं वाजतं, ते खोटं आणि हिच्या फोनमधलं खरं?”

कानसेनांची छाती फुगली. पुरावा म्हणतात तो हा. त्यांनी अभिमानानं मान वळवली आणि एकेक साक्षीदार डोळ्यांखालून घातला. दंतवैद्य: सुई बदलली, पुली फुकट. त्यांच्या शेजारचे पोस्टमास्तर: पट्टा, पुली फुकट. खिडकीजवळच्या दोघी बहिणी: झाकणाची बिजागरी, आणि पुली फुकट. तिसऱ्या रांगेपर्यंत येता येता छातीतली हवा गेली. बोलणाऱ्यांत त्यांचं गिऱ्हाईक नाही असं एकही माणूस नव्हतं.

मतदान झालं. एक्केचाळीस विरुद्ध नऊ. खोली वाचली. लोकांनी टाळ्या वाजवल्या, हार नव्हता म्हणून शाल दिली. दंतवैद्यांनी लेकीच्या डोक्यावर हात ठेवून म्हटलं, “बाळ, वाईट वाटून घेऊ नकोस. तुमच्या पिढीला खरं ऐकायलाच मिळालं नाही, त्याला तू काय करणार?”

लेक “हो काका” म्हणाली. कानसेन शालीत बसून सगळं ऐकत होते. त्या क्षणी जमीन दुभंगली असती तर त्यांनी उडीच मारली असती, पण वाचनालयाची फरशी पक्की होती.

दुकानात येताच त्यांनी चहाचा कप उचलला आणि खालची चकती पुसली. अठ्ठावीस वर्षांची वर्तुळं होती तिच्यावर. ती स्वतःच्या मशीनवर ठेवली, दिवा लावला. रेघा थांबल्या नाहीत. त्या एकामागून एक मागे पळत होत्या, दुकान सोडून जायचं असल्यासारख्या. मग त्यांनी पुल्यांचा डबा उपडा केला. बुडाला चिठ्ठी होती: वेगळ्या प्रकारची वीज असलेल्या देशांसाठी. इथल्या विजेवर ती पुली बारीक पडत होती. पुली बारीक म्हणजे ताटली हळू, आणि ताटली हळू म्हणजे खुशालचेंडू पोरगा गंभीर.

“अगं,” ते मोठ्या कष्टानं म्हणाले, “माझं मशीन अठ्ठावीस वर्षं हळू फिरतंय.”

दुकानामागच्याच खोलीत बायको शिवत होती; तिनं शिलाई मशीनवरचा पाय थांबवला नाही. “ते होय. मला माहीत आहे.”

“माहीत आहे?”

“आमच्या दादाकडे होती ना ती रेकॉर्ड. आम्ही त्यावर नाचायचो. लग्नाआधी मी पहिल्यांदा इथे आले, तुम्ही तेच गाणं लावलंत आणि रडायला लागलात. मला वाटलं, एवढं नाचरं गाणंसुद्धा ज्याच्याकडे येऊन कण्हतं, त्या माणसाकडे कुणीतरी बघायला हवं. म्हणून तर हो म्हटलं.”

“मग इतकी वर्षं बोलली का नाहीस?”

“मला वाटलं, तुम्हाला तसंच आवडतं. आणि तुम्हाला कुणी काही सांगायचं म्हणजे तुमचे कान आड येतात.”

कानसेन स्टुलावर बसले. खरं सांगायचं तर त्यांना रडू येत होतं, आणि रडायला लावायचं ते एकमेव गाणं आता हाताशी नव्हतं. आयुष्यभर ज्या गांभीर्याच्या जोरावर नव्या पोरांना हिणवलं ते गांभीर्य त्यांनीच स्क्रूड्रायव्हरनं बसवलं होतं, आणि तेही फुकट.

लेक आली तेव्हा त्यांनी तिला चकती दाखवली.

“मग सांगून टाका सगळ्यांना,” ती म्हणाली.

“खोली जाईल.”

“मग सांगू नका.”

“पण तू खरं बोलून हरलीस.”

“बाबा, मी या घरात वाढलेय. मला सवय आहे.”

हे मात्र त्यांच्या जिव्हारी लागलं. त्यांनी ठरवलं, ओरडून नाही तर निदान मुकाट्यानं चूक सुधारायची. एकेका घरी जायचं, पुली बदलायची, लोक हळूहळू खऱ्याला सरावतील. योग्य मापाच्या पुल्या मागवल्या आणि पहिला मान दंतवैद्यांना दिला. ‘मोफत तपासणी’ म्हणून गेले, पाच मिनिटांत काम उरकून आले. त्या दिवशी त्यांना सभेनंतर पहिल्यांदा नीट जेवण गेलं.

दुसऱ्या दिवशी दुकान उघडायच्या आधीच दंतवैद्य दारात उभे होते. मशीन चादरीत गुंडाळून छातीशी धरलं होतं, चेहरा आजारी मूल आणल्यासारखा.

“काय केलंत याला? वेडं झालंय. बायको गेल्यापासून रोज सकाळी मी हे गाणं लावतो. आज लावलं तर तो माणूस माझ्या घरात नाचायला लागला. तिच्या फोटोसमोर!”

“साहेब,” कानसेनांनी हात जोडले, “चूक माझी आहे. पहिल्यापासून माझीच. खरं गाणं ते असंच आहे.”

दंतवैद्यांनी मशीनभोवतीची चादर आणखी घट्ट केली.

“असेल खरं,” ते हळू आवाजात म्हणाले. “पण माझं नाही ते. माझं मला परत द्या.”

कानसेनांनी डब्यातून जुनी पुली काढली आणि निमूटपणे बसवली. कामावर जाता जाता लेक डोकावली होती. तिच्या हातात कुठलीशी रेकॉर्ड होती. “यावर तपासून बघा,” म्हणाली आणि स्वतःच लावली.

गाणं सुरू झालं. एका बाईचा आवाज, जड, खोल, एकेक शब्द छातीतून ओढून काढलेला. दंतवैद्यांनी चष्मा काढला. कानसेनांनी डोळे मिटले. सगळं माहीत असून, चकती समोर असून, त्यांचा हात रुमालाकडे गेला.

“अहाहा,” दंतवैद्य म्हणाले. “अशी गाणी आता होत नाहीत.”

“नाहीच होत,” कानसेन म्हणाले. “कुठल्या सालचं गं हे?”

“मागच्या महिन्यातलं,” लेक म्हणाली. “आमच्याकडे यावर म्हातारे दोरीच्या उड्या मारतात.”

कानसेनांनी रेकॉर्डचं पाकीट उलटून साल वाचलं. बाईचा आवाज तेवढा सावकाश चालला होता. शिलाई मशीनचा खडखड आवाज थांबला आणि पलीकडून बायकोनं विचारलं,

“अहो, त्या डब्यात अजून किती पुल्या उरल्यात?”

“अकरा.”

“जपून ठेवा,” ती म्हणाली. “आता हिच्या पिढीलाही म्हातारं व्हायचंय.”