दौलतजींची गुट्टी

भिंतीला भोक पाडण्याआधी दौलतजी तिचं मत घेत. बोटाच्या पेरानं टकटक करायची, कान लावून डोळे मिटायचे, वीतभर सरकून पुन्हा टकटक. "इथं नाही म्हनते," असं जाहीर करून छिन्नी परत पिशवीत.

लाकडाच्या डेपोतून निवृत्त झालेला हा माणूस मध्य प्रदेशातल्या आमच्या बालाघाटात शेजाऱ्यांची अशी कामं करून द्यायचा आणि मजुरी घ्यायचा नाही. इथंच माझी पंचाईत. जवळच्या हट्टा गावच्या बाजारात खांद्यावरून कापड विकत मी स्वतःच्या दुकानापर्यंत आलो, भल्याभल्यांना भावात वाकवलं. पण जो भावच सांगत नाही, त्याच्यावर ओरडायचं कोणत्या तोंडानं?

मला घरात कापडाचे तागे ठेवायला फळी हवी होती. पहिल्या दिवशी भोक निम्मं झालं. दुसरा दिवस सागाची गुट्टी तासण्यात गेला. ती भोकात ठोकायची, तिच्यात गिरमिटानं बारीक छिद्र पाडायचं, मग स्क्रू. "एकदम पिळला त गुट्टी फाटते, भाऊ. घाई नोको."

घाई कसली! तासता तासता माझ्या आईशी गप्पा.

"मावशी, अंबाडीच्या भाजीत तुमी तांदळाच्या कन्या टाकता का?"

"टाकतो न! काहून, तुह्या घरी नाही टाकत?"

"सुनेले कन्या म्हंजे काय, थेच समजत नाही."

दोघं खो खो हसायची. माझे तागे जमिनीवर, उंदीर ताग्यांवर. आणि समोरच्या हिंदी बोलणाऱ्या मास्तरांकडे याच दौलतजींनी एका सकाळीत सगळं उरकलं, तेही मुकाट्यानं! माझं डोकं फिरलं. तडक दौलतजींचं घर गाठलं.

दारात मुलगा आणि जबलपूरची सून. घरात सगळी हिंदीच.

"आपके पिताजी काम कम, बातें ज़्यादा करते हैं!" मी तोफ डागली. "सुबह से शाम ज़बान बंद नहीं!"

मुलानं विचारलं, "कौन, बाबूजी?"

सून हळूच म्हणाली, "भैया, घर में तो वो बोलते ही नहीं। हमें लगा, अब कम सुनाई देता है।"

तेवढ्यात आतून दौलतजी आले. केस चापून बसवलेले, खांद्याला पिशवी.

"चाला, भाऊ. मावशी उठल्या का?"

मी त्यांची पिशवी माझ्या खांद्यावर घेतली.

"हौ," म्हटलं, "कवाची वाट पाहून राह्यली."